गळ्यातला ताईत

विडीच्या थोटकाएवढी चांदीची गुंडाळी. मधून आरपार पोकळ, म्हणजे दोरा ओवून गळ्यात बांधता यावी अशी. ताईतच म्हणा ना. फक्त हा ताईत सुमारे २६०० वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्यावर कोरलेला आशीर्वाद आजही अनेक चर्चमध्ये रविवारची उपासना संपताना कानावर पडतो.

सापडला तोही गमतीनं. १९७९ साली गॅब्रिएल बार्काय हे पुरातत्त्वज्ञ जेरुसलेममध्ये, सेंट अँड्र्यूज या स्कॉटिश चर्चच्या मागच्या टेकाडावर, खडकात कोरलेली जुनी थडगी तपासत होते. चोरांनी ती कधीच धुऊन नेलेली. मदतीला आलेल्या शाळकरी मुलांपैकी १३ वर्षांच्या एकाला त्यांनी एक कोनाडा झाडायला बसवलं. पोरानं कंटाळून हातोडीचे ठोके घातले आणि जमीन फुटली. ती जमीन नव्हतीच, छताचा निखळून पडलेला थर होता. खाली सुमारे ९५ माणसांच्या अस्थी, हजारावर वस्तू आणि त्यांत या दोन गुंडाळ्या.

ठिसूळ चांदी न मोडता उलगडायला तीन वर्षं लागली. मोठी पट्टी जेमतेम दहा सेंटिमीटर, धाकटी चारहूनही कमी. त्यांवर केसासारख्या रेघांनी परमेश्वराचं नाव आणि ‘गणना’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद, थोडा आटोपशीर करून. बायबलमधला इतका जुना मजकूर दुसरीकडे कुठेही मिळालेला नाही. मृत समुद्राकाठच्या प्रसिद्ध गुंडाळ्यासुद्धा याच्यानंतर काही शतकांनी लिहिल्या गेल्या. बायबलमध्ये या आशीर्वादाच्या तीन ओळी आहेत. मूळ हिब्रूत पहिलीत ३ शब्द, दुसरीत ५, तिसरीत ७. अक्षरं मोजली तर १५, २०, २५. ओंजळ हळूहळू भरत जावी तसा तो वाढत जातो.

त्यातल्या पहिल्याच ओळीत ‘शामर’ हे क्रियापद येतं. मराठीत त्याला ‘रक्षण करणे’ म्हणतात, पण मला ‘राखणे’ जास्त जवळचं वाटतं. मेंढरं राखणं, पीक राखणं, दिलेला शब्द राखणं, हे सगळं ‘शामर’मध्ये बसतं. स्तोत्रसंहितेतलं १२१वं स्तोत्र अवघ्या आठ ओव्यांचं, त्यात हा शब्द सहा वेळा. हाबेलला मारून आल्यावर काइन देवालाच उलट विचारतो, मी काय भावाचा राखणदार आहे? तिथेही शब्द हाच.

आता खरी अडचण. ही राखण मागणारा ताईत सापडला कुठे, तर थडग्यात. ज्याच्या गळ्यात तो होता तो माणूस मेला. इसवी सनपूर्व ५८६च्या सुमारास बाबेलच्या फौजांनी जेरुसलेम जाळलं, देवाच्या मंदिरासकट. मग राखलं काय?

ही शंका बायबलला नवी नाही. संरक्षणाचं सर्वांत ठाम आश्वासन ९१व्या स्तोत्रात आहे: पंखांखालचा आसरा, रोगराईतून सुटका, देवदूतांची सोबत. मृत समुद्राकाठच्या कुमरानमधल्या ११व्या गुहेतल्या एका गुंडाळीत ते भुतंखेतं घालवण्याच्या गीतांबरोबर लिहिलेलं आहे, म्हणजे लोक ते मंत्रासारखं वापरत. आणि मत्तयच्या शुभवर्तमानात हेच स्तोत्र कोण म्हणून दाखवतो? सैतान! येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून तो सांगतो की मार उडी, देवदूत झेलतील, लिहिलंच आहे तसं. गंमत म्हणजे तो ११वी-१२वी ओवी म्हणतो आणि थांबतो. १३व्या ओवीत साप पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे. तिथे याची जीभ अडखळली असावी, असं मला आपलं वाटतं.

येशू उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असं शास्त्रातलंच उत्तर देतो. पुढे क्रुसाखाली उभे असलेले लोक त्याला तसंच डिवचतात, देवावर एवढा भरवसा आहे ना, मग सोडवू दे त्याला. सुटका होत नाही. तरी ज्या शुभवर्तमानात हे घडतं, त्याच्या पहिल्या अध्यायात येशूला ‘इम्मानुएल’ म्हटलंय, म्हणजे ‘आम्हांबरोबर देव’, आणि अगदी शेवटच्या ओवीतही तो सोबत असण्याचंच वचन देतो.

माणसाला मात्र हाताला लागेल असं काहीतरी हवं असतं. इजिप्तमधले ख्रिस्ती लोक ९१वं स्तोत्र पपायरसच्या तुकड्यांवर लिहून अंगावर बाळगत. चौथ्या शतकात लावदिकीयाच्या धर्मसभेला पाळकांसाठी ‘ताईत बनवू नका’ असा नियमच करावा लागला. बाळाच्या मनगटाला काळा दोरा बांधणाऱ्या आपल्या आज्यांना ही धर्मसभा फारशी पटली नसती.

राखण म्हटली की मला आठवतो तो शेतातला माळा. जोंधळा निसवला की रात्री तिथे कुणीतरी झोपायला जायचं. गारपीट आली तर माळ्यावरचा माणूस ती थोडीच थोपवणार? पण त्याच्या चिलमीचा ठिपका लांबून दिसायचा, मध्येच खाकरणं ऐकू यायचं, आणि घरातली माणसं म्हणायची, राखणीला आहे हं कुणीतरी.

१५२६ साली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं आपल्या जर्मन उपासनेच्या शेवटी तोच चांदीवरचा आशीर्वाद ठेवला. आज पाळक हात वर करून तो म्हणतात तेव्हा माना खाली झुकतात, बाकावरचं एखादं पोर चप्पल शोधत असतं, आणि ‘आमेन’ झालं की सगळी मंडळी बाहेरच्या उन्हात पांगतात.