दंश झाल्यानंतरचा पहिला तास

तळगडाच्या पायथ्याच्या तळा गावातून इंदापूरला, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाला लागायला दिवसाउजेडी फार वेळ लागत नाही. तोच रस्ता आषाढातल्या रात्री, एखाद्या वाडीवरून निघून, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये पोर धरून गाठायचा असतो तेव्हा गोष्ट वेगळी होते. आधी चिखलाची पायवाट, मग वाहून गेलेला साकव नाहीतर मोरी, मग वळणांचा डांबरी रस्ता, तळ्याचं आरोग्य केंद्र आणि गरज पडली तर पुढे माणगावचं उपजिल्हा रुग्णालय. हे अंतर कुणाला कमी करता येत नाही. घरातून निघण्याआधी जो वेळ जातो तो मात्र आपल्या हातात असतो, आणि साप-विंचवाबद्दलचे आपले जुने समज नेमका तोच खातात.

हा वेळ किती महाग पडतो ते पाहा. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं दगावली. वर्षाला सरासरी 58 हजार. त्यांतली चौथ्या हिश्शाहून जास्त 15 वर्षांखालची मुलं होती. बहुतेक मृत्यू खेड्यांतले होते, त्यांतले पुष्कळसे दवाखान्याचं तोंडही न पाहता घरीच झालेले. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, म्हणजे आपल्या लावणीपासून गणपतीपर्यंतचे.

आधी विंचवाचं बोलू, कारण त्याला आपण फारच हलक्यात घेतो. ‘विंचवानं कोण मरतं? रात्रभर ठणकेल, सकाळी उतरेल.’ पुष्कळदा खरंच उतरतं, म्हणून तर हा समज टिकून आहे. पण कोकणातला लाल विंचू माणूस मारू शकतो, आणि लहान मूल तर सहज. विष तेवढंच, ते पसरायला शरीर मात्र लहान. घाबरवते ती मोठी काळी इंगळी, आणि जास्त धोकादायक आहे तो चणीनं लहान असलेला लाल विंचू.

हे आपल्याला ठामपणे सांगता येतं ते आपल्या रायगड जिल्ह्यातच झालेल्या कामामुळे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसं काही तासांत फुफ्फुसांत पाणी भरून मरताना त्यांनी पाहिली. त्या काळी गंभीर दंशाच्या दर शंभरांतले तीसेक रोगी जात. बावस्करांनी रोग्याच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपलं. 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणं छापून आली. या विषानं रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भलताच ताण येतो हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी वापरायला सुरुवात केली. वेळेत गोळी मिळालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर आलं. पुढे 2011 साली त्यांनी 70 रोग्यांवर केलेली चाचणी ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाली. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिलेल्या 35 जणांपैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसती गोळी घेतलेल्या 35 जणांतले त्या वेळेत 8 झाले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. इंदापूरहून महामार्गानं दक्षिणेला निघालं की माणगावनंतरचं मोठं गाव महाड. जगभरच्या डॉक्टरांनी जे ज्ञान तिथून घेतलं ते तळ्याच्या वाडीवरच्या घरात पोचलेलं नसावं, याची मला मनापासून खंत वाटते.

त्या निरीक्षणांतली एक गोष्ट तर प्रत्येक आईला ठाऊक असायला हवी. आपण दुखण्यावरून विष मोजतो: पोर किंचाळतंय म्हणजे विष जबर, गप्प झालं म्हणजे उतरलं. बावस्करांना पुष्कळदा उलटं दिसलं. ज्याला जागेवर असह्य कळा आहेत आणि बाकी काही नाही, तो बहुधा वाचणारा. ज्याला दुखतंय कमी, पण उलट्या होतायत, दरदरून घाम सुटलाय, तोंडाला लाळ सुटलीय आणि हातपाय गार पडलेत, त्याला तातडीनं हलवायचं. कांदा चोळून, चुना लावून किंवा मंत्रानं कळ थांबली म्हणून पोराला झोपवणं हा म्हणूनच सगळ्यात फसवा उपचार. पोराच्या तळव्यांना हात लावून पाहा. घामेजलेले गार तळवे हाताला लागले की गाडी काढा. आणि प्राझोसिन ही काही घरात ठेवून आपल्या मनानं द्यायची गोळी नाही. तिनं रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

विंचवाचा हंगाम सुरू होतो पावसाच्या आधी. मे महिन्यात आपण कौलं काढून घर शाकारतो, पावसाच्या बेगमीची लाकडं रचतो, गडग्याचे दगड हलवतो, आणि नेमकी याच वेळी मुंबईहून सुट्टीला आलेली मुलं अनवाणी त्याच गडग्यांवरून उड्या मारत असतात. चपला घालण्याआधी झटकणं आणि फाटी उचलताना हात घालण्याआधी काठीनं हलवणं त्यांना गावच्या मुलांनीच शिकवावं.

आता साप. धामण म्हशीचं दूध पिते, नाग डूख धरतो, दोन्ही खोटं. सापाला दूध पचत नाही आणि सूड घेण्याइतकी स्मरणशक्ती त्याच्याकडे नसते. एरवी या समजांनी फार बिघडत नाही. पण ‘डूख धरेल’ म्हणून अर्धं घर काठ्या घेऊन सापामागे धावतं आणि चावलेला माणूस ओटीवर बसून राहतो, तेव्हा बिघडतं. मारलेला साप डॉक्टरांना दाखवावाच लागतो हाही गैरसमज. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच मिश्र लस चालते. डॉक्टर उपचार ठरवतात ते रोग्याच्या लक्षणांवरून. लांबून मोबाइलवर फोटो निघाला तर उत्तम. मेलेल्या सापालाही हात लावू नये, तुटलेलं डोकंसुद्धा काही काळ चावू शकतं. आपल्या रानातल्या हिरव्या चापड्याच्या विषावर मात्र ही मिश्र लस लागू पडत नाही. त्याचा दंश सहसा जिवावर बेतत नाही, पण सूज आणि दुखणं भरपूर होतं, म्हणून दवाखाना तिथंही हवाच.

‘भगतानं किती जण वाचवले!’ हे ऐकल्यावर त्या माणसाला खोटारडा ठरवून काही साधत नाही. दिवड, नानेटी, धामण, कवड्या हे बिनविषारी साप माणसाला सर्रास चावतात. विषारी सापही कित्येकदा चावतो पण विष सोडत नाही. ही सगळी माणसं भगताकडे न जाताही वाचलीच असती. मात्र यश त्याच्या नावावर जमा होतं, आणि ज्याला खरंच मण्यार चावली आहे तो त्या यशाच्या भरवशावर अंगारा लावून बसतो. भगत मध्यरात्री हाकेला येतो, धीर देतो, पोराच्या डोक्यावरून हात फिरवतो. म्हणून लोक त्याच्याकडे जातात. मला विचाराल तर त्याच्याशी भांडू नये. त्यालाही गाडीत बसवावं. मंत्र रस्त्यानंही म्हणता येतात. ‘आधी दवाखाना’ हे वाडीवर त्यानं एकदा सांगितलं तर आमच्या दहा लेखांपेक्षा जास्त लोक ऐकतील.

मण्यारीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिच्या बाबतीत ‘साप चावला’ हेच कुणाला कळत नाही. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दात इतके बारीक की पुष्कळदा ना सूज, ना रक्त, ना जाग येण्याइतकी कळ. पहाटे मूल पोट दुखतंय म्हणतं. उलटी होते. घरचे ओवा देतात. मग पापण्या जड होऊन खाली येऊ लागतात, बोलणं बोबडं होतं, घोट गिळवत नाही, आणि शेवटी छातीचे स्नायूच काम सोडतात. तेव्हा पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला पहाटे अचानक पोटात दुखू लागलं आणि डोळे उघडेनासे झाले, तर अंगावर खूण दिसो न दिसो, सर्पदंश समजूनच निघावं. अशा रोग्याला काही दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं, पण तो पूर्ण बरा होऊ शकतो. हा दंश टाळायचा उपाय मात्र घरातच आहे: मच्छरदाणी, चारही बाजूंनी गादीखाली नीट खोचलेली. तिच्यामुळे सर्पदंश कमी होतात असं नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. खाट असेल तर त्याहून बरं.

चावल्यावर घट्ट दोरी आवळायची, ब्लेडनं कापायचं, तोंडानं विष ओढायचं हे सिनेमानं शिकवलं. तिन्ही घातक. घोणस किंवा फुरशाच्या दंशात हातपाय आधीच सुजतो. त्यावर दोरी आवळली तर रक्त अडून तो सडू शकतो, आणि विषानं रक्त गोठेनासं झालेलं असताना ब्लेड मारली तर ते थांबत नाही. करायचं ते थोडकं आहे. बांगड्या, अंगठी, जोडवी, पायातला काळा दोरा सूज येण्याआधी काढा. चावलेला अवयव फळीनं किंवा काठीनं सैल बांधून हलू देऊ नका. रोग्याला चालवू नका. 108 ला फोन लावा, पण रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर थांबू नका. मोटरसायकलवर रोगी मध्ये, पाठीमागे धरणारा. मुंबईतल्या मुलाला फोन जरूर करा, पण रोगी गाडीत बसल्यावर. ‘बाबांना कुठं न्यायचं’ हे ठरवण्यात वीस मिनिटं जातात, म्हणून ते पाऊस लागायच्या आधीच ठरलेलं असावं: कुणाची गाडी, कुठलं केंद्र, केंद्राचा नंबर भिंतीवर.

दवाखान्यात पोचल्यावर आणखी एक गैरसमज वाट पाहत असतो. डॉक्टर किंवा नर्स काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन ती 20 मिनिटं न हलवता तशीच उभी ठेवतात. नातेवाईक चिडतात, पोर मरतंय आणि हे नळीकडे बघत बसलेत. वीस मिनिटांनी नळी कलती केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस-फुरशाचं विष अंगात भिनलंय. त्या खोलीत त्या वेळी याहून महत्त्वाचं काम दुसरं नसतं. विष भिनल्याचं कुठलंच लक्षण नसेल तर लस देत नाहीत, कारण घोड्याच्या रक्तापासून बनवलेल्या या लशीची तीव्र रिॲक्शन येऊ शकते. पण रोग्याला 24 तास नजरेखाली ठेवतात. ‘इंजेक्शन दिलंच नाही’ म्हणून त्याला उचलून नेऊ नका. लस द्यायची ठरली तर एका कुपीवर भागत नाही, सुरुवातच बहुधा दहा कुप्यांच्या आसपास होते. आणि लहान मुलाला डोस मोठ्या माणसाएवढाच लागतो. पाच वर्षांच्या पोराला ‘एवढं औषध?’ म्हणून हात धरणाऱ्या आजोबांना हे आधीच सांगून ठेवायला हवं: औषध वजन बघून देत नाहीत, सापानं सोडलेलं विष मारण्यापुरतं देतात.

केसपेपर जपून ठेवा. शेतकरी कुटुंबात साप किंवा विंचवाच्या दंशानं मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेतून 2 लाख रुपये मिळू शकतात. घरीच गेलेल्या, कुठंही नोंद नसलेल्या माणसाच्या वारसांना तेही सिद्ध करणं जड जातं. आणि वाचून घरी आलेल्याची लघवी पुढच्या दिवसांत कमी झाली किंवा लाल होऊ लागली, तर घोणशीच्या विषाचा मार मूत्रपिंडांवर बसलेला असू शकतो. तोच केसपेपर घेऊन त्याच दिवशी परत जा.