भिंतीआडच्या लहरी

विश्रांतवाडीतल्या एखाद्या सोसायटीत परदेशी असलेल्या नातवाचा चेहरा पडद्यावर मध्येच गोठतो आणि आजींचा जीव टांगणीला लागतो. घरातली मंडळी लगेच कंपनीच्या नावाने बोटे मोडू लागतात. पण वाचकहो, त्याआधी एक सोपी परीक्षा घ्या. लॅपटॉप राउटरला तारेने जोडून वेग पाहा. तारेवरही तो मंद असेल, तर कंपनीला खुशाल फोन करा. तारेवर उत्तम असेल, तर अडचण घरातल्या हवेत आहे!

वायफाय म्हणजे अखेर रेडिओलहरीच. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब पोहोचतात. पण त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर आणि आपला मायक्रोवेव्हही गलका करीत असतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या, परंतु काँक्रीटच्या भिंतीपुढे लवकर दमतात. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओदुर्बीण उभारली, तीही असला कोलाहल कमी असलेली जागा पाहूनच.

आपल्याला गाव सोडायला नको. लोखंडी कपाटामागे दडवलेला राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवा. जवळच्या खोलीत ५ चा पट्टा घ्या, लांबच्या खोलीत २.४ चा. पुष्कळदा एवढ्यानेच भागते, आणि कंपनीशी भांडणही टळते!