उपाशी अजगर, धास्तावलेला मालक

लंडन असो की न्यू जर्सी, पाळीव प्राण्यांच्या दुकानात हमखास दिसणारा साप म्हणजे बॉल पायथन. घाना, टोगो, बेनिनकडचा हा बुटका अजगर तिथल्या मराठी घरांतही पोरांच्या हट्टापायी येतो. (इथे महाराष्ट्रात धामण किंवा आपला अजगर घरी ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा तो मोह नको.) आठवडा उलटतो आणि आईवडिलांचा जीव खालीवर होऊ लागतो: हा काही खात नाही, मरतो की काय?

सहसा मरत नाही. आपण खातो त्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यातच खर्च होतो. सापाला ती ऊब बाहेरून मिळते, म्हणून त्याचं थोडक्यात भागतं. वयात आलेला नर विणीच्या हंगामात कित्येक महिने भक्ष्याला तोंड लावत नाही. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून सुमारे दोन महिने बसते, तेव्हा तीही बहुधा उपाशीच असते. डोळे निळसर, धुरकट झाले की कात टाकायची वेळ आली. तेव्हाही भूक नसते. म्हणून उपासाचे दिवस मोजण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करावं. वजन टिकून असेल तर धीर धरावा. ते सतत घसरत दहाव्या हिश्श्याने उतरलं, किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर गाठावेत. पिल्लाच्या बाबतीत मात्र इतकी वाट पाहू नये.

‘हातात घेत राहिलं की माणसाळतो’ हा समज सर्वांत महागात पडतो. नव्या घरात पहिला आठवडा त्याला हात लावू नये, आणि दोन-तीनदा नीट जेवेपर्यंत खेळवू नये. जेवणानंतरही दोन दिवस त्याच्या वाटेला जाऊ नये, नाहीतर गिळलेलं बाहेर येतं.

‘मोठ्या पेटीत तो घाबरतो’ हे अर्धसत्य आहे. घाबरतो तो उघड्या, रिकाम्या जागेला. लपायच्या जागा दोन हव्यात, अंग भिंतींना टेकेल इतक्या अरुंद: एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला. एकच असली तर सापाला ऊब किंवा आडोसा यांतलं एक सोडावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा आडोसा धरून बसतो. मग पचनाला लागणारी ऊब मिळत नाही. उबदार बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ ते २७; हीटरला थर्मोस्टॅट हवाच. विजेवर तापणारे कृत्रिम दगड पोट भाजतात, ते घेऊच नयेत.

‘जिवंत उंदीरच हवा’ हेही खरं नाही. कोंडीत सापडलेला उंदीर सापालाच चावतो, आणि त्या जखमा वाईट असतात. दुकानात गोठवलेले उंदीर मिळतात. ते रात्रभर फ्रिजमध्ये वितळवून, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावेत; मायक्रोवेव्ह नको. या अजगराच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे गार उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नसतो. उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाइतका, फार मोठा नको.

खाऊ घालण्यासाठी त्याला वेगळ्या डब्यात हलवायचीही गरज नाही. पेटीतच खाल्ल्याने तो चावरा होतो ही भीती निराधार आहे. उलट जेवणाआधी उचललेला लाजरा साप जेवणच नाकारतो.

नागपंचमीचं दूध इथेही आठवणारच. दूध सापाचं अन्न नाही. तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते पितो, इतकंच. पेटीत ताज्या पाण्याचं भांडं पुरे.

आता जेवणाची वेळ. संध्याकाळी दिवे मंद करून, लांब चिमट्याने गरम उंदीर लपायच्या जागेच्या तोंडाशी धरावा. त्याने जीभ लपलपवली, पण पकडला नाही, तर उंदीर तिथेच ठेवून खोलीबाहेर जावं. सकाळपर्यंत तसाच असेल तर टाकून द्यावा आणि पुढचा आठवडाभर काहीही समोर धरू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी आणखी एकदा, असा आग्रह करणाऱ्यांचेच साप जास्त दिवस उपाशी राहतात.