अध्यापन, यांत्रिक प्रती आणि ग्रंथस्वामित्व

ग्रंथ छापणे हे जोवर खर्चाचे व खटाटोपाचे काम होते, तोवर ग्रंथस्वामित्वाचा वाद बहुधा लेखक व प्रकाशक यांच्यापुरताच मर्यादित असे. छायाप्रतीच्या यंत्राने तो वर्गाच्या दाराशी आणून ठेवला. अध्यापकाने पाठ्यांशांच्या प्रती काढून देणे कायद्यास मान्य आहे काय, हा प्रश्न आपल्या नित्य व्यवहारातला आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये लेखकाच्या हयातीत आणि, १९९२ च्या दुरुस्तीपासून, मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्व टिकते. मात्र ५२ व्या कलमात काही अपवाद आहेत. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रत हा त्यांपैकी एक होय. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठ व त्याच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. नेमलेले उतारे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकले जातात, अशी त्यांची तक्रार होती. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरात खंडपीठाने तत्त्व स्पष्ट केले: अध्यापन म्हणजे केवळ तासाभराचे व्याख्यान नव्हे, आणि पाने किती, यापेक्षा ती अध्यापनाच्या हेतूस आवश्यक आहेत काय, हाच खरा निकष. ही आवश्यकता पुराव्याने तपासावी म्हणून खंडपीठाने दावा पुन्हा चालविण्यास सांगितले. परंतु २०१७ मध्ये प्रकाशकांनीच तो मागे घेतला.

हा निर्णय बेळगाव, इंदूर वा हैदराबाद येथील न्यायालयांवर बंधनकारक नाही. तो मार्गदर्शक मात्र निश्चित आहे.

ग्रंथालयांसाठीही २०१२ च्या दुरुस्तीने एक वाट मोकळी केली आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या संग्रही असलेल्या पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी साठविता येते. जीर्ण मराठी ग्रंथ जपणाऱ्या आपल्या संस्थांनी या तरतुदीकडे अवश्य लक्ष द्यावे. अर्थात, जतनाची मुभा म्हणजे ती प्रत सर्वत्र वाटण्याचा परवाना नव्हे.

अपवाद आहे तो अध्यापनासाठी, ग्रंथविक्री बुडविण्यासाठी नव्हे. मराठी पुस्तकाची आवृत्ती आधीच लहान. बाजारात मिळणारे पुस्तक सबंध छापून घेतले, तर लेखकाचे अल्प मानधनही बुडते आणि पुढील आवृत्ती निघत नाही. उतारा वर्गासाठी घ्यावा, ग्रंथ मात्र विकत घ्यावा, हा विवेक शिक्षकाने पाळल्यास कायद्याचा हेतूही सफल होईल व भाषेचे हितही साधेल.