'डूम्ड' म्हणजे काय? एका इंग्रजी शब्दाची चौकशी

वाशिम जिल्ह्यातल्या एका विहाराच्या अभ्यासिकेत रविवारी आम्ही स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींसोबत इंग्रजी उतारे वाचतो. मागे एका उताऱ्यात 'डूम्ड' हा शब्द आला. अर्थ विचारला तर एकीने सांगितले, "सर, अपयशी." दुसरा म्हणाला, "बरबाद." मागच्या बाकावरचा, तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेला एक पोरगा हसत म्हणाला, "सर, म्हणजे मी. आपली तर गेली केस."

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. त्या पोराने शब्दाचा अर्थ अगदी बरोबर सांगितला होता, आणि तो स्वतःला लावला होता. म्हणून या शब्दाबद्दल नीट लिहावे असे वाटले.

आधी उच्चार. 'डूम'मधला ऊ दीर्घ आहे. 'डोम' म्हणजे घुमट, तो शब्द वेगळा. आता अर्थ. 'फेल्ड' म्हणजे अपयश आले, गोष्ट घडून गेली. 'डूम्ड' म्हणजे अपयश अजून आलेले नाही, पण येणारच, कोणी काहीही केले तरी टळणार नाही. 'द प्लॅन वॉज डूम्ड फ्रॉम द स्टार्ट' याचे मराठी 'योजना फसली' असे केले तर गुण जातील. 'ही योजना पहिल्या दिवसापासूनच फसणार होती' असे म्हणावे लागेल. 'डूम्ड'नंतर 'टू' येतो आणि त्यापुढे क्रियापद किंवा नाम: 'डूम्ड टू फेल', 'डूम्ड टू फेल्युअर'. 'डेस्टिन्ड' हा त्याचा शेजारी, पण तो चांगल्यासाठीही चालतो. मोठा होण्यासाठी कोणी 'डेस्टिन्ड' असू शकतो. 'डूम्ड'ला चांगली बाजू नाही. गमतीने किंवा उपरोधाने वापरला तरच काय ते.

मराठीत याला एक शब्द नाही, पण बोलण्याच्या तऱ्हा भरपूर आहेत. 'त्याचं काही खरं नाही', 'नशिबातच नाही', 'कामातून गेला'. आपल्याकडे कर्ज काढून पोराला शिकायला पाठवणाऱ्या बापाला पारावरची माणसे हेच ऐकवतात. इंग्रजी येत नसले तरी 'डूम्ड' सगळ्यांना येतो.

खरी गंमत शब्दाच्या जुन्या अर्थात आहे. जुन्या इंग्रजीत 'डोम' म्हणजे नाश नव्हे, दैवही नव्हे. त्याचा अर्थ कायदा, निवाडा, न्यायासनावरून दिलेला निर्णय. नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या कायद्यांच्या ग्रंथाला 'डोमबोक', म्हणजे निवाड्यांचे पुस्तक म्हणत. 1086 साली इंग्लंडच्या राजाने जमीन, जनावरे, गिरण्या यांची मोजदाद करवून घेतली, ते दप्तर 'डूम्सडे बुक' म्हणून ओळखले जाते, कारण त्यातल्या नोंदीवर दाद मागता येत नसे. ख्रिस्ती धर्मातल्या अखेरच्या निवाड्याच्या दिवसाला त्याआधीपासूनच 'डूम्सडे' म्हणत, आणि पुढे निवाडा म्हणजे शिक्षा, शिक्षा म्हणजे नाश, असा अर्थ घसरत गेला.

याच घराण्यातले आणखी दोन शब्द आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत. 'डीम्ड युनिव्हर्सिटी'तला 'डीम्ड', म्हणजे तसे मानलेले, ठरवलेले. आणि 'फ्रीडम'. होय, 'फ्रीडम'च्या शेवटी जो 'डम' आहे तो हाच जुना 'डोम'. (हे कोणी व्हॉट्सअॅपवर 'डूम' आणि 'धम्म' एकच, असे करून फिरवण्याआधी सांगतो: धम्म 'धृ' धातूपासून, धारण करणे या अर्थाचा. या दोघांचा संबंध नाही.)

तर मूळ अर्थ धरून पाहिले तर 'डूम्ड' म्हणजे ज्याच्याविरुद्ध निकाल लागला आहे असा. मग पहिला प्रश्न व्याकरणाचाच येतो: निकाल दिला कोणी? 'डूम्ड' हे कर्मणी रूप आहे. त्यात ज्याच्यावर निकाल लागला तो दिसतो, निकाल देणारा दिसत नाही. 'विदर्भातला शेतकरी डूम्ड आहे' हे लिहायला सोपे. 2006 साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले त्यात वाशिम होता. 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार आले, नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम. पण पावसाच्या भरवशावरचे सोयाबीन, हमीभावाखाली होणारी खरेदी, सावकाराचे व्याज, यातले एकही आकाशातून पडलेले नाही. प्रत्येकामागे कोणाचा तरी निर्णय आहे, किंवा न घेतलेला निर्णय. 'डूम्ड' म्हटले की ते सगळे वाक्यातून गळून जातात.

बुद्धांच्या काळात या विचाराचा एक मोठा आचार्य होता, मक्खलि गोसाल. दीघनिकायाच्या सामञ्ञफल सुत्तात त्याचे मत आले आहे: प्राणी मलिन होतात त्याला कारण नाही, शुद्ध होतात त्यालाही नाही, माणसाचे बळ, पराक्रम काही कामाचे नाही, सुताची गुंडी फेकली की ती जशी उलगडत जाते, तसा प्रत्येकजण ठरलेले भोगून संपणार. 'डूम्ड'चे इतके शुद्ध तत्त्वज्ञान जगात क्वचितच सापडेल. बुद्धांनी अनेक मतांशी सौम्यपणे वाद केला, पण याच्याबाबत ते कडक आहेत. अंगुत्तरनिकायात ते गोसालाच्या मताची तुलना केसांच्या कांबळ्याशी करतात: थंडीत गार, उन्हाळ्यात गरम, रंगाला वाईट, अंगाला टोचणारे. कोणत्याच ऋतूत उपयोग नाही. त्याच निकायात दुसरीकडे, सगळे पूर्वकर्माने होते, सगळे ईश्वर करतो, सगळे विनाकारण होते, ही तिन्ही मते एकाच ठिकाणी पोचतात असे सांगितले आहे: माणूस हातपाय गाळून बसतो. बाबासाहेबांनी 'द बुद्धा अँड हिज धम्मा'त गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला त्यामागे हेच कारण आहे. दारिद्र्य आणि हीन जन्म मागच्या जन्मीच्या कर्माने ठरतो असे मानले, की समाज आपल्या जबाबदारीतून सुटतो.

तरी एक कबूल करायला हवे. काही गोष्टी खरोखर फसतात, आणि मागे वळून पाहिले की त्या फसणारच होत्या असे वाटते. आपले वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्खुसंघाला दान दिले, तसा शिलालेख तिथे आहे. हरिषेणानंतर ते राज्य फार टिकले नाही, आणि अजिंठ्यातली काही लेणी अर्धवट राहिली. आज एखादा लेखक त्याला सहज 'डूम्ड किंगडम' म्हणेल. पण छिन्नी चालवणाऱ्या कारागिराला ते माहीत नव्हते, आणि त्याने केलेले काम दीड हजार वर्षांनी उभे आहे. 'डूम्ड' हा शब्द बहुतेक वेळा शेवट माहीत असलेला माणूस वापरतो, ही गोष्ट उतारा वाचताना लक्षात ठेवावी.

महाड घ्या. 1924 मध्ये नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, पाणी मात्र कोणी भरू देईना. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि हजारो लोक तळ्यावर गेले. परतताना लोकांना मारहाण झाली, नंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला, डिसेंबरमध्ये कोर्टाचा मनाई हुकूम आला. 1927 च्या अखेरीस एखाद्या पत्रकाराने 'द महाड मूव्हमेंट इज डूम्ड' असे लिहिले असते तर त्याचे इंग्रजी आणि त्याच्या हातातली माहिती, दोन्ही बरोबर ठरली असती. मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. दहा वर्षे. उलट काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, वर्षानुवर्षे चालला, आणि दार उघडले नाही. तिथे बाबासाहेबांनी दाराची दिशाच बदलली: 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याची घोषणा, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूर. एक मार्ग बंद होता, हे खरे. त्यावरून चालणारी माणसे 'डूम्ड' नव्हती. इंग्रजीत हा फरक करता येतो, 'द प्लॅन इज डूम्ड' आणि 'वुई आर डूम्ड' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि पहिले म्हणता म्हणता दुसरे तोंडातून निघते.

पुढच्या रविवारी मी त्या पोराला फळ्यावर बोलावले आणि स्वतःबद्दलचे वाक्य इंग्रजीत लिहायला सांगितले. त्याने 'आय अॅम डूम्ड' लिहिले. मी म्हटले, आता कर्तरी कर, निकाल देणारा कोण ते लिही. तो बराच वेळ खडू धरून उभा राहिला. शेवटी त्याने लिहिले ते साधे होते: दोनदा पूर्वपरीक्षेत अंकगणितात कमी पडलो, आणि सोयाबीन काढणीच्या महिन्यात अभ्यास होत नाही. अंकगणितासाठी आता कारंज्याची एक मुलगी त्याला शनिवारी शिकवते. काढणीचे काय करायचे, ते अजून ठरलेले नाही.