रडते बाळ, अंगावरचे दूध आणि काही गैरसमज

बाळ रडते म्हणजे ते भुकेलेच असते, आणि पाजूनही रडत राहिले तर आईला दूध पुरेसे येत नाही, हा सर्वांत रुजलेला गैरसमज आहे. भूक लागलेले तान्हे बाळ रडण्याच्या आधीच दूध मागते. ते तोंड इकडेतिकडे वळवते, मूठ चोखते, जीभ बाहेर काढते. रडणे ही त्यातली शेवटची खूण होय. सुरुवातीच्या आठवड्यांत चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजावे लागते आणि संध्याकाळी बरीच बाळे थोड्या थोड्या वेळाने अंगावर पितात. रडण्याचे प्रमाण साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून कळत नाही. पहिला आठवडा सरला की दिवसाला निदान सहा वेळा लघवी आणि वाढते वजन, एवढे पाहावे. घाईने वरचे दूध सुरू केले की बाळ अंगावर कमी ओढते. जितके ओढले जाते तितकेच दूध तयार होते, त्यामुळे मग ते खरोखरच कमी पडू लागते.

झोपले म्हणजे शांत झाले, ही समजूत मुंबईत फार महागात पडलेली आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्याला मागे ठेवताना ‘बाळगोळी’ देत. तिच्यात अफू असे. डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी 1921-22 मध्ये मुंबईतील कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा अशा स्त्रियांच्या 98 टक्के बाळांना अफू दिली जात असल्याची नोंद त्यांनी केली. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. पाळी दिवसभराची, मूल खोलीवर आणि मध्ये पाजायला सुटका नाही, अशा स्थितीत ती गोळी उपयोगी वाटणारच. पण अफूने बाळाचा श्वास मंदावतो, गुंगीत ते दूध ओढत नाही, आणि आईचे दूधही आटत जाते. अशा कामगार स्त्रियांसाठी मुंबई इलाख्यात 1929 साली मातृत्व लाभाचा कायदा झाला. तो देशातील अशा प्रकारचा पहिला. पुढे 1961 च्या केंद्रीय कायद्याने कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या दिल्या, तर 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केले.

बाळगुटीत अफू नसते. म्हणून ती निर्धोक, असे मात्र नाही. सहाणेवर उगाळलेल्या मुरडशेंग, वेखंड, जायफळ यांची मात्रा मोजलेली नसते आणि सहाण, पाणी, बोट यांतून जंतू पोटात जाऊ शकतात. ग्राइप वॉटरने पोटदुखी थांबते याला भक्कम पुरावा नाही. पहिले सहा महिने वरचे पाणीसुद्धा लागत नाही, मुंबईच्या मे महिन्यातही नाही, कारण आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असते. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातील जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

बाळंतिणीने वाटाणे, वांगी, हरभऱ्याची डाळ खाल्ली की बाळाला वात होतो, असे सांगून तिचे ताट रिकामे केले जाते. आईच्या आतड्यातला वायू दुधात उतरत नाही. आईने घेतलेल्या गायीच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी मात्र काही थोड्या बाळांना असते. तिचे निदान डॉक्टरांनी करायचे असते. उन्हातून किंवा कामावरून आलेल्या आईचे दूध ‘तापते’ आणि बाधते, हेही खरे नाही. आई फार ताणात असेल तर पान्हा उशिरा फुटतो, कारण तो फोडणारे ऑक्सिटोसिन तेवढ्यापुरते अडते. दूध बिघडत नाही.

सारखे उचलून घेतल्याने हाताची सवय लागते आणि मूल बिघडते, ही धास्ती पहिल्या महिन्यांत निराधार आहे. कडेवर घेऊन चालल्यास बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे प्रयोगांतून दिसले आहे. चाळीच्या गॅलरीत येरझाऱ्या घालणाऱ्या आज्यांना त्यासाठी प्रयोगाची गरज पडली नव्हती. बाळाला उघड्या छातीशी धरणे, वर पांघरूण घेणे, हळू आवाजात गुणगुणणे हे उपाय वडीलही करू शकतात. पोट भरलेले असतानाही बाळ चोखत राहते ते आधारासाठी, आणि त्यात काही वावगे नाही. लस टोचताना किंवा त्याआधी अंगावर घेतल्यास वेदना कमी होते; जागतिक आरोग्य संघटनाही ते सुचवते.

मात्र प्रत्येक रडणे समजूत घालून थांबण्यासारखे नसते. तीन महिन्यांच्या आतील बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, हिरवी उलटी, दूध ओढायला नकार, ढिले पडलेले अंग किंवा नेहमीपेक्षा वेगळा तीव्र स्वर असेल तर तत्काळ रुग्णालय गाठावे. आई थकून चिडली असेल तर बाळ पाळण्यात उताणे ठेवून काही मिनिटे बाजूला होणे किंवा ते शेजारणीच्या हाती देणे योग्य. त्याला गदागदा हलवल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.