बोटावरची नखी

मंगळवेढे म्हटले की आपल्याला प्रथम दामाजीपंत आठवतात, मग कान्होपात्रा आणि चोखोबा. घरातल्या गृहिणीला विचाराल तर ती तिथल्या मालदांडी ज्वारीचे नाव घेईल. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण या मुलखातून आणखी एक पीक बाहेर जाते आणि ते कुणाच्या ताटात पडत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला मोठाले कडू भोपळे पिकवतात. ते वाळले, कडक झाले की मिरजेला जातात आणि सतारीचे नि तंबोऱ्याचे पोट होतात. तलवारींना धार लावणारे मिरजेचे शिकलगार एकोणिसाव्या शतकात या धंद्यात शिरले. त्यांच्या पिढ्यांनी केलेल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली तेच मानांकन मिळाले.

सतार घ्यायला निघालेला बाप भोपळ्यावर टिचकी मारून पाहतो, दांडीचे लाकूड चाचपतो, पडदे मोजतो. नखी मात्र दुकानदार शेवटी पुडीत घालून देईल ती. साऱ्या खरेदीतली ही सर्वांत स्वस्त वस्तू! आणि मुलीची सतार चालू राहणार की कोपऱ्यात धूळ खात पडणार, हे पुष्कळदा तीच ठरवते.

आमच्या नात्यातल्या एका मुलीचे उदाहरण सांगतो. राहणार मंगळवेढ्याचीच. बाराव्या वर्षी सतार हाती आली. पंधरा दिवस मोठ्या हौसेने बसली आणि सोळाव्या दिवशी म्हणाली, “मला नको.” बोट काळेनिळे झाले होते. घरात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही. कोणी म्हणाले, पैसे पाण्यात गेले. आजोबांनी मात्र नखी स्वतःच्या बोटात घालून पाहिली. ती त्यांना चपखल बसली! मग पोरीच्या बोटात ती कशी राहावी? सुटू नये म्हणून तिने आतून दोरा गुंडाळला होता, आणि तोच रुतत होता. आजोबा तिला घेऊन सांगोल्यावरून मिरजेला गेले. दुकानदाराने डबाभर नख्या पुढे ओतल्या. एकेक घालून पाहता पाहता तासभर गेला, आणि दोघे एक छोटी, बारीक तारेची नखी घेऊन परतली. मुलगी अजून वाजवते.

नखी निवडायची तर आधी माप पाहावे, मग धातू. ती उजव्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर घट्ट बसली पाहिजे. हात झटकला तरी निघू नये, पण बोट बधिर होता कामा नये. पहिले काही आठवडे वळ उठणारच, त्याला इलाज नाही. मात्र बोट निळे पडले तर नखी बदलावी. टोक बोटापुढे थोडेच यावे. फार पुढे आले तर तारेत अडकते, आणि मागे राहिले तर नखच तारेवर आपटते. थोडे सैलघट्ट करणे पकडीने घरीही जमते. पोलादी तारेची नखी सर्वांत चांगली. पितळेची मऊ असते, लवकर वाकते. जाड तारेचा आवाज भरदार, बारीक तारेचा नाजूक. नवी नखी खरखरते, म्हणून तिचे टोक अगदी बारीक पॉलिश कागदावर घासून घ्यावे.

हिंदी मुलखात नखीला मिझराब म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ आघात करण्याचे साधन, आणि आपली ‘जरब’ही त्याच धातूतली. बोट आत ओढले की ‘दा’, बाहेर ढकलले की ‘रा’. सतारीचा सारा संसार या दोन अक्षरांवर चालतो!

पण पोलादच का? तार छेडताना तिला क्षणभर कोन पडतो. छेडणारी वस्तू टणक आणि टोकदार असेल तर कोन तीक्ष्ण पडतो आणि वरचे बारीक स्वर जास्त उमटतात, आवाज झळाळतो. बोटाच्या मांसल टोकाने तोच कोन बोथट होतो, आणि नाद गोल, मऊ येतो. मंगळवेढ्याकडे सप्ताहात हे कानांनी ऐकायला मिळते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही असा नेम असतो. पहारा बदलतो, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि रात्री दोन वाजताही ती नुसत्या बोटानेच वाजत असते. तिथे पोलादी नखी लावली तर भजनात कर्कश वाटेल. पनवेलजवळ पळस्पे इथे गुरुकुल चालवणारे झिया मोहिउद्दीन डागर (मृत्यू १९९०) यांनीही रुद्रवीणेवर बोटांचाच नाद पसंत केला होता.

सरोदवाल्याची तऱ्हा वेगळी. त्याचा ‘जवा’ नारळाच्या करवंटीचा! आपण करवंटी बंबात घालतो, तो तिचा तुकडा कापून, घासून, तेल पाजून वर्षानुवर्षे जपतो. करवंटी पोलादाइतकी कठोर नाही आणि बोटाइतकी मऊही नाही.

हल्ली घरोघरी सतारीपेक्षा गिटार अधिक दिसते. तिची त्रिकोणी चकती, मुले जिला पिक म्हणतात, पूर्वी समुद्री कासवाच्या कवचाची करीत. त्यासाठी कासवे इतकी मारली गेली की पुढे त्या व्यापारावर बंदी आली. आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या कासवाला संरक्षण आहे, तेव्हा ‘जुनी, खऱ्या कवचाची’ म्हणून कोणी दाखवली तर हात लावू नये. १९२२ साली न्यूयॉर्कच्या लुइजी डी’अँड्रिया यांनी सेल्युलॉइडची चकती काढली. तिचा आवाज उजळ, पण सेल्युलॉइड कापरासारखे भडकते (त्यात कापूर असतोच), म्हणून पणतीजवळ ठेवू नये. नायलॉन लवचीक, नवशिक्याला बरे. सुरावट धरून नुसत्या तारा छेडायच्या तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची पातळ चकती घ्यावी, आणि एकेक स्वर स्वच्छ वाजवायचा तर मिलिमीटरभर जाडीची. मुलाने जाड मागितली तर ‘पातळ स्वस्त पडते’ म्हणून टाळू नका, दोन्ही घेऊन द्या.

नखी हरवते, हा तिचा एकच मोठा दोष. मग ती कुंकवाच्या करंड्यात किंवा आजोबांच्या चष्म्याच्या डबीत सापडते. पावसाळ्यात गंजते, म्हणून घाम पुसून ठेवावी. आणि बोटाला बसलेली मापाची नखी मिळाली की तशाच दोन घ्याव्यात. एक रोजच्या हाताला, दुसरी सतारीच्या गवसणीत.